पेटीतल्या बाळाचं दूध

नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात प्रत्येक बाळाच्या उशाशी एक कागद चिकटवलेला असतो. बाळाचं बारसं व्हायचं असतं, म्हणून वर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. त्याखाली वजन, कितव्या आठवड्यात जन्म, आणि मग एक ओळ : 'ईबीएम २ मिली, दर २ तासांनी, ओजी'. म्हणजे आईचं काढलेलं दूध, दोन मिलिलिटर, तोंडावाटे जठरात सोडलेल्या नळीतून. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतात. हे त्याच्या निम्मंही नाही. १२०० ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी किलोमागे २० मिलिलिटर दूध द्यायचं ठरलं, तर दिवसाचे होतात २४ मिलिलिटर. त्याचे बारा भाग केले की एका वेळच्या वाट्याला येतात दोन. बाकीचं पाणी, साखर आणि क्षार शिरेतून जातात.

त्या दोन मिलिलिटरवर खूप काही अवलंबून असतं. आपल्या सरकारी रुग्णालयांत आता वॉर्मर आले, मॉनिटर आले, सिरिंज पंप आले, आणि त्यामुळे पूर्वी हमखास दगावली असती अशी बाळं जगू लागली. नळीही आहे, ती घालणारे हातही आहेत. पण नळीतून जे जायचं ते जिच्या अंगातून यायचं, त्या बाईला बाळाजवळ बसायला अनेक ठिकाणी खुर्चीसुद्धा नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पोषणाबद्दल वाचत, विचारत आणि पाहत गेल्यावर मी पुन्हा पुन्हा याच एका गोष्टीपाशी येऊन थांबलो.

'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' असं आपल्याकडे अजूनही सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे, आणि त्याने नुकसानही होतं, कारण आठव्या महिन्यात जन्मलेल्या धडधाकट बाळाकडेसुद्धा घर मग हात झटकून पाहू लागतं. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. दुधापुरतं बोलायचं तर ३४ आठवडे ही महत्त्वाची खूण. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन क्रिया एकमेकींत न गुंतता, ठरलेल्या क्रमाने होण्याची समज साधारण तेव्हा येते. त्याआधीचं बाळ तोंड हलवतं, बोट चोखतं, पण दूध तोंडात आलं की गिळायचं की श्वास घ्यायचा याचा मेळ बसत नाही आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच आईकडून बाळाकडे लोह, कॅल्शियम, फॉस्फरस आणि चरबी यांचा मोठा साठा जातो. २८ आठवड्यांचं बाळ ती शिदोरी न घेताच बाहेर पडलेलं असतं. त्याची भूक पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा किलोमागे जास्त, आणि खाण्याची यंत्रणा अर्धवट. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं मुदतीआधी जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास भारतात.

एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, नळी घालण्याचं काम जवळून पाहायला मिळालं. सिस्टरनी कोपरापर्यंत हात धुतले आणि पाकिटातून पाच नंबरची नळी काढली. तिची जाडी पावणेदोन मिलिमीटरही नव्हती. आधी ती बाळाच्या अंगावर धरून मापली : ओठांच्या कोपऱ्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून खाली छातीच्या मधल्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. पूर्वी हाडाच्या टोकापर्यंतच मापायचे. तेवढी लांबी अपुरी पडते, नळीचं तोंड अन्ननलिकेतच राहतं आणि दूध उलटून वर येतं, हे नंतर कळलं. मापलेल्या जागी चिकटपट्टीची खूण केली. नाकातून घालायची नाही का, असं विचारल्यावर सिस्टर म्हणाल्या, "नाकानेच तर श्वास घेतंय ते. एवढ्याशा नाकपुडीत नळी घातली तर एक बाजू बंदच झाली की."

नळी जिभेवरून आत सरकली. घशाच्या मागच्या बाजूला लागली तशी मॉनिटरवरचे ठोके दीडशेवरून एकशेदहावर उतरले. सिस्टर थांबल्या. हात तसाच धरून ठेवला. आकडा वर चढल्यावर उरलेली नळी खुणेपर्यंत घातली आणि गालाला पट्टीने चिकटवली. मग सिरिंजने किंचित द्राव ओढून त्याचा थेंब रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीवर टाकला. आम्लता ५.५ किंवा त्याखाली आली तर नळी जठरात आहे असं धरतात. नळीतून हवा सोडायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून 'घुर्र' ऐकायचं, ही जुनी रीत आजही खूप ठिकाणी चालू आहे. तिच्यावर विसंबू नये, कारण नळी चुकून फुफ्फुसात गेली तरी तसाच आवाज येऊ शकतो. शंका राहिलीच तर एक्स-रे.

त्यानंतर सिस्टरनी सिरिंजचा दट्ट्या काढून बाजूला ठेवला. रिकामी सिरिंज नळीला जोडली, त्यात दूध ओतलं आणि बाळापासून वीतभर वर धरली. दूध आपल्या वजनाने उतरतं. दट्ट्याने ढकलायचं नाही, कारण त्या जठरात अजून जागाच नसते. जोर लागला की पोट तटतटतं, दूध वर येतं, श्वास अडखळतो. दोन मिलिलिटर उतरायला काही मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यांची नजर सिरिंजवर नव्हती, बाळाच्या ओठांच्या रंगावर होती. नळी काढायची वेळ आली की ती चिमटीत घट्ट दाबून काढायची, नाहीतर आत उरलेले दोन थेंब जाता जाता श्वासनलिकेच्या तोंडाशी सांडतात. एका सिस्टरकडे अशी सहा बाळं असली तर आठ तासांच्या पाळीत हे चोवीस वेळा करायचं, शिवाय औषधं, सलाईन, नोंदी आणि बाहेरून दाराशी येणारे नातेवाईक. या कामाला आपल्याकडे 'फीड दिलं' एवढ्या दोन शब्दांत उरकलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

दूध थेंबाथेंबाने पंपावर लावणं सोयीचं दिसतं, पण आईच्या दुधातली चरबी लांब नळीच्या भिंतींना चिकटून राहते आणि बाळाला सर्वांत जास्त ज्याची गरज तेच कमी पोचतं. दुसरा धोका त्याहून भयंकर. दुधाची सिरिंज आणि सलाईनची जोडणी एकाच मापाची असेल तर थकलेल्या हाताने दूध शिरेत जाऊ शकतं. असे अपघात जगात झाले आहेत. म्हणूनच दुधाच्या नळ्यांचं टोक शिरेच्या जोडणीत बसूच नये अशी वेगळी आंतरराष्ट्रीय रचना आता ठरली आहे. ती सगळीकडे पोचायला हवी.

नळीने दूध पाजण्याची कल्पना पॅरिसची. १८८० साली तिथल्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निए यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊबपेटी आणली आणि त्याच दशकात रबरी नळीला काचेचं छोटं भांडं जोडून दूध थेट जठरात सोडायला सुरुवात केली. त्यांचे शिष्य पिएर ब्युदँ एक पाऊल पुढे गेले. बाळापासून बराच काळ दूर ठेवलेल्या आईची ओढ कमी होत जाते, काही तर परत येतच नाहीत, हे त्यांनी पाहिलं. म्हणून आईने पेटीजवळ यावं, तिचं दूध टिकवावं, असा त्यांचा आग्रह होता. १९०० सालच्या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे.

पुढच्या अर्ध्या शतकात वैद्यकाने हे दोन्ही धडे विसरून दाखवले. जंतूंच्या भीतीने आईला नर्सरीच्या काचेबाहेर उभं केलं. आणि दूध फुफ्फुसात जाईल या भीतीने १९५० च्या आसपास पाश्चात्त्य रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना एकेक, दोन दोन, कधी तीन दिवस काहीच द्यायचं नाही अशी रीत पडली. रक्तातली साखर खाली जायची, कावीळ वाढायची, आणि वाचलेल्या मुलांपैकी काहींचे पाय पुढे आखडलेले निघायचे. १९६४ मध्ये ऑक्सफर्डच्या व्हिक्टोरिया स्मॉलपीस आणि पामेला डेव्हिस या दोन डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला अनुभव मांडला : जन्मानंतर पहिल्या दोन तासांतच नळीने आईचं दूध सुरू केलं, पाणी न घालता, आणि साखर उतरण्याचा व काविळीचा त्रास कमी झाला. उपाशी ठेवण्याची रीत त्यानंतर मोडत गेली. आई बाहेरच राहिली. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी आयांना नर्सरीत येऊ दिलं, हात धुऊन बाळाला हात लावू दिला, आणि त्याने जंतुसंसर्ग वाढत नाही असं १९७० मध्ये छापून सांगितलं. त्याला पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला. आपल्याकडच्या कित्येक कक्षांच्या दारावर आजही भेटीच्या वेळा लिहिलेल्या असतात आणि त्या आईलाही लागू असतात.

डॉक्टर दूध वाढवायला कचरतात त्यामागे एक खरी भीती आहे. नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, बोलताना 'एनईसी'. अपुऱ्या आतड्याच्या भिंतीला सूज येते, भाग मरू लागतो. पोट फुगतं, नळीतून हिरवट द्राव येतो, शीमध्ये रक्त दिसतं, बाळ श्वास घ्यायचं विसरतं. सकाळी बरं असलेलं बाळ संध्याकाळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असू शकतं. म्हणून सिस्टर बेंबीवरून टेप लावून पोटाचा घेर मापतात. पूर्वी दर वेळी दूध देण्याआधी जठरात किती उरलंय ते ओढून पाहायचे आणि थोडं जास्त निघालं की पुढचं दूध बंद. फ्लोरिडातल्या परिचर्या-संशोधक लेस्ली पार्कर यांनी २०१९ मध्ये दाखवलं की असं दर वेळी ओढून पाहिलं नाही तर बाळं जास्त दूध घेतात आणि लवकर घरी जातात. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या २८०४ बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला. रोज किलोमागे १८ मिलिलिटरने दूध वाढवलं काय आणि ३० ने वाढवलं काय, आतड्याच्या या आजारात फरक पडला नाही. आपल्या १२०० ग्रॅमच्या बाळाचं पूर्ण दूध म्हणजे दर दोन तासांनी १५ मिलिलिटर. जलद वाढवलं तर ते पाचेक दिवसांत गाठता येतं, सावकाश गेलं तर आठवडा उलटतो, आणि तेवढे जास्त दिवस शिरेत सुई. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ पासून ३० पर्यंत वाढ मान्य केली आहे.

फरक पडतो तो दूध कोणतं यावर. केंब्रिजमधले अॅलन ल्युकस आणि टिम कोल यांनी १९९० मध्ये ९२६ बाळांची माहिती मांडली. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांच्या तुलनेत फक्त डब्याच्या दुधावर असलेल्यांत हा आजार सहा ते दहा पट जास्त होता. ल्युकस यांच्याच १९९२ च्या अभ्यासाकडे मी आणखी लक्ष वेधीन. साडेसात-आठ वर्षांची झालेली तीनशे मुलं, सगळी अपुऱ्या दिवसांची. ज्यांना आईचं दूध मिळालं होतं त्यांचा बुद्ध्यंक, घरची परिस्थिती आणि आईचं शिक्षण हिशोबात धरूनही, सुमारे आठ गुणांनी जास्त निघाला. आणि या मुलांना ते दूध नळीने दिलं होतं. छातीशी घेण्याची ऊब, जवळीक, यांचा वाटा त्यात धरता येत नव्हता. अशा अभ्यासातून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही, आयांच्या निवडीतही फरक असतो. तरी पेटीजवळ बसून दूध काढणाऱ्या, 'आपलं बाळ तर अंगावर पीतच नाही' म्हणून खचलेल्या बाईला कोणी हे सांगितलं तर किती बरं होईल.

मुंबईच्या शीव रुग्णालयात, म्हणजे लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मानवी दुधाची बँक सुरू केली. आशियातली ती पहिली. धारावीला लागून असलेलं हे रुग्णालय, गर्दी प्रचंड, आणि बाटलीच्या दुधाबरोबर येणारा जंतुसंसर्ग बाळांचा जीव घेत होता. या बँकेला पुढे डॉ. जयश्री मोंडकर यांच्यासारख्या डॉक्टरांनी वाढवलं आणि देशभरच्या मार्गदर्शक सूचना घडवण्यातही तिचा अनुभव कामी आला. काम कसं चालतं? ज्या बाळंतिणीला आपल्या बाळाला पुरून उरेल इतका पान्हा आहे, ती स्वखुशीने दूध देते. पैसे घेत नाही, कोणी देत नाही. तिच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसच्या तपासण्या होतात. दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवतात, झटकन गार करतात, जंतूंची तपासणी करतात आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात. या तापवण्यात काही संरक्षक द्रव्यं कमी होतात, चरबी पचवणारं आईच्या दुधातलं विकर तर नष्टच होतं. तरीही दान केलेलं दूध डब्यापेक्षा आतड्याला सुरक्षित. २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मानवी दुधाची विक्री करता येणार नाही असं स्पष्ट बजावलं, ते योग्यच झालं. गरीब बाईचं दूध बाजारात आलं असतं तर तिच्या स्वतःच्या बाळाच्या वाट्याला काय उरलं असतं?

पण दूधबँक हा दुसरा पर्याय आहे. पहिला पर्याय त्या बाळाची आई.

आणि तिची अवस्था पाहा. सातव्या-आठव्या महिन्यात अचानक कळा आल्या किंवा रक्तदाब वाढला म्हणून तालुक्याच्या गावी सिझेरियन झालं. बाळ १०८ च्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याला गेलं. आई टाके घेऊन तालुक्यातच. दोघांच्या मध्ये साठ-सत्तर किलोमीटर. तिला बाळ दिसलेलं नाही, फक्त नवऱ्याच्या मोबाइलमधला एक फोटो. पान्हा फुटण्यासाठी शरीराला जे हवं, बाळाचा स्पर्श, वास, चोखणं, यांतलं काहीच नाही. आजूबाजूच्या बायका म्हणतात, "दूध उतरत नाही गं हिला." तिसऱ्या दिवशी कोणीतरी डबा आणतं. तिचं दूध आटलं नव्हतं. ते काढायला कोणी शिकवलंच नव्हतं.

जिथे शिकवलं जातं तिथलं दृश्य वेगळं असतं. बाळंतिणींच्या वॉर्डात एक सिस्टर खाटेवर बसलेल्या मुलीच्या शेजारी टेकल्या होत्या. मुलीला शस्त्रक्रिया होऊन काही तासच झालेले. "पिळायचं नाही. आधी मागे दाब, छातीकडे. मग अंगठा आणि बोटं जवळ आण. सोड. परत." दहा मिनिटं काही नाही. मुलगी रडकुंडीला आली. मग स्तनाग्रावर पिवळा, दाट थेंब आला. सिस्टरनी एक मिलिलिटरच्या सिरिंजने तो टिपून घेतला, मग दुसरा. सगळे मिळून सिरिंजच्या अर्ध्यावरही आले नाहीत. तिने ओशाळून विचारलं, "एवढंच?" सिस्टर म्हणाल्या, "एवढ्याचीच गरज आहे त्याला आज." हा चीक अनेक घरांत अजूनही 'घाण' म्हणून टाकून दिला जातो. पेटीतल्या बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला त्याचे दोन थेंब लावतात, नळी असली तरी, आणि उरलेले नळीतून.

यानंतरचं काम कष्टाचं आहे. शक्य तर जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत सुरुवात, आणि मग दिवसाकाठी किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, कारण दूध तयार करणारा प्रोलॅक्टिन रात्री जास्त स्रवतो. बाळाला लागतात रोजचे जेमतेम दोनशे मिलिलिटर, पण दोन आठवड्यांत अर्ध्या लिटरपर्यंत पोचायचं असतं. पहिल्या पंधरवड्यात शरीर जेवढं ठरवतं तेवढंच पुढे टिकतं. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू घरून जरूर यावेत, तिच्या अंगात ताकद येते. दूध मात्र वारंवार काढल्याने वाढतं. दर तीन तासांनी स्टीलची वाटी घेऊन बसणाऱ्या या बायकांच्या हातात मी कधी पंप पाहिला, बरेचदा नाही.

आईचं दूध असलं तरी फार लहान बाळाला ते काही बाबतींत अपुरं पडतं. किलोमागे साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिनं आणि हाडांसाठी कॅल्शियम-फॉस्फरस हवं असतं, म्हणून दूध बऱ्यापैकी वाढल्यावर त्यात पुडीतून पोषणपूरक भुकटी मिसळतात. वजन किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढावं. ते मोजायचे जे आलेख जगभर वापरले जातात त्यांतल्या इंटरग्रोथ-२१ या आलेखामागे आठ देशांतली बाळं आहेत, आणि भारतातलं त्याचं केंद्र नागपूर होतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. फार झपाट्याने वजन चढवावं का, यावरही वाद आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासाने दाखवलं की आपली बाळं वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. त्यामुळे नुसता काट्यावरचा आकडा पाहून खूश होऊ नये. लांबी आणि डोक्याचा घेरही वाढतोय ना, ते पाहावं.

आईला आत घेण्याचा सर्वांत मोठा पुरावा २०२१ मध्ये आला. कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणं, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली एदगार रेय यांनी सुरू केली ती पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. बाळ स्थिर झाल्यावर ती करायची असा नियम पुढे रूढ झाला. २०२१ मध्ये निकाल आलेल्या चाचणीत मात्र दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबरच, स्थिर व्हायची वाट न पाहता, आईच्या छातीशी दिलं. त्यासाठी आईचा पलंगच अतिदक्षता कक्षात नेला. नळीने दूध, ऑक्सिजन, सलाईन, सगळं तिच्या अंगावर बाळ असतानाच. दिवसाला जवळजवळ १७ तास. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. कोणत्याही नव्या औषधाने एवढा जीव वाचवला असता तर त्याच्या खरेदीच्या निविदा दुसऱ्या दिवशी निघाल्या असत्या.

इथे काय आड येतं? जागा, पलंग, संडास-बाथरूम, आणि जेवण. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी रुग्णालयातली बाळंतपणं आणि आजारी नवजात बाळांचे उपचार मोफत आहेत, आणि त्याने गोरगरिबांचं फार भलं झालं. पण बाळंतिणीच्या मोफत जेवणाची मूळ तरतूद साध्या बाळंतपणाला तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस अशी आहे. ३० आठवड्यांचं बाळ कक्षात महिनाभर राहतं. आठव्या दिवशी कागदोपत्री ती बाई रुग्ण राहत नाही, बाळाची नातेवाईक होते. मग व्हरांड्यातल्या चटईवर झोपायचं, वडापाव किंवा कोणी आणलेल्या डब्यावर दिवस काढायचा, आणि दर तीन तासांनी दूध काढायचं. काही ठिकाणी डॉक्टर आणि मेट्रन स्थानिक देणग्या गोळा करून, स्वयंपाकघराशी भांडून ही सोय करतात. ते त्यांच्या भलेपणावर का सोडावं? नळीतून जाणारं दूध हे उपचाराचा भाग असेल, तर ते तयार करणाऱ्या बाईचं जेवण, पलंग आणि घरून ये-जा करण्याचं भाडं हाही उपचाराचाच खर्च आहे. बाळ कक्षात आहे तोवर आईचं जेवण, एवढी एक ओळ नियमात बदलली तरी पेट्यांजवळच्या त्या कागदांवरची 'ईबीएम' ही अक्षरं खोडून तिथे 'फॉर्म्युला' लिहिण्याची वेळ कमी वेळा येईल.

नळी निघण्याचे दिवस हळूहळू येतात. नळीतून दूध चालू असतानाच बाळाला रिकाम्या केलेल्या स्तनाशी धरतात. ते चाटतं, चोखतं, पोटात दूध उतरत असतं, आणि चोखणं व पोट भरणं यांची सांगड बसते. ३२ आठवड्यांच्या पुढे वाटी-चमचा किंवा बोंडलं. आपल्या आज्यांनी गुटी पाजायला वापरलेलं तेच चोच असलेलं भांडं आज एसएनसीयूत उकळून, निर्जंतुक करून वापरलं जातं, आणि बाटलीपेक्षा ते चांगलं, कारण बाळ आपल्या वेगाने घुटका घेतं आणि भांडं स्वच्छ करणं सोपं. बोंडलं बाळाच्या ओठाला टेकवायचं, दूध तोंडात ओतायचं नाही, हे आजीला दोनदा दाखवावं लागतं आणि मग तिच्या हाताला ते इतरांपेक्षा छान जमतं. गुटी, मध, साखरपाणी यांतलं काही मात्र त्यात घालू द्यायचं नाही.

घरी जाताना लोहाचे थेंब, ड जीवनसत्त्वाचे थेंब, वजनाचं कार्ड आणि आशाताईंच्या भेटींच्या तारखा बरोबर असतात. त्यातच एक प्रश्न हमखास येतो : उष्टावण कधी? बाळ सहा महिन्यांचं झालं की घरात तयारी सुरू होते, पण दोन महिने आधी आलेलं बाळ तेव्हा खऱ्या अर्थाने चारच महिन्यांचं असतं. भारतातल्या तीन सरकारी रुग्णालयांत ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये आला. अपेक्षित तारखेपासून चार महिन्यांनी वरचं अन्न सुरू केलेल्यांचं वजन सहा महिन्यांनी सुरू केलेल्यांपेक्षा जास्त भरलं नाही, उलट त्यांना रुग्णालयात दाखल करायची वेळ जास्त आली. म्हणून उष्टावणाचा मुहूर्त काढताना बाळंतपणाची जी तारीख डॉक्टरांनी आधी दिली होती तिच्यापासून सहा महिने मोजायचे, आणि तोवर आईचंच दूध, आता नळीशिवाय.